पाटे बघा, मग शॉकअप
माल भरला की पिकअप मागून बसते, म्हणून कडक शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) टाकू का, असं विचारलंत. दादा, वजन पेलतात पाटे, म्हणजे धुरीवरचे पट्ट्यांचे स्प्रिंग. शॉकअपचं काम फक्त त्यांची उसळी दाबायचं. मीही कडक टाकले होते. कांदा उतरवून लासलगावहून रिकामं परतताना मागची चाकं खड्ड्यागणिक उडायची, रिकामे कॅरेट हौद्यात नाचायचे. महिन्याभरात काढले.

शॉकअपच्या नळीवर तेल ओघळून धूळ चिकटलीय का बघा. असेल तर शॉकअप गेलाच. मग जोडीच बदला, टोकांच्या रबरी बुशांसकट. लांबच्या फेऱ्या असतील तर गॅस भरलेले घ्या, तापल्यावर आतल्या तेलाला फेस कमी धरतो. पाटे वाढवले असतील तर शॉकअपची लांबी मोजूनच घ्या, मेस्त्री ‘बसतंय’ म्हणाला तरी.