मदत हवी आहे: जर्मनीतल्या शाळेबरोबर ई-कचऱ्याचा उपक्रम, पण गोळा झालेलं पुण्यात द्यायचं कुणाकडे?

नमस्कार मंडळी,

पुण्यात पेठेतल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते. यंदा आमचा नववीचा वर्ग जर्मनीतल्या ब्रेमेनच्या एका शाळेबरोबर ई-कचऱ्यावर काम करतोय. दोन्हीकडच्या मुलांनी घरात बंद पडून असलेल्या वस्तू मोजायच्या, गोळा करायच्या, त्या पुढे कुठे जातात ते शोधायचं आणि १४ ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय ई-कचरा दिनी, एकमेकांना सांगायचं. तिथे सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचा एक, त्यामुळे व्हिडिओ कॉलची वेळ छान जमते. मुलंही मनापासून करताहेत. अडलंय ते पुढे.

वर्गाच्या कोपऱ्यात खोकी भरलीत: चार्जर, इअरफोन, रिमोट, सेट-टॉप बॉक्स, मिक्सरच्या मोटारी, बटणांचे मोबाईल आणि कुणाच्या तरी माळ्यावरून आलेला जुना, काचेच्या नळीचा डबा मॉनिटर. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत अशा वस्तूंची यादी २१ वरून १०६ वर गेली आहे, आणि रिसायकलरने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी केलेली असावी लागते. कागदावर सगळं स्पष्ट आहे. फोन केला की मात्र पहिला प्रश्न येतो, "माल किती?" आमचा माल टेम्पोभरसुद्धा नाही. पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये थोडा माल घेणारा, वजनाची पावती देणारा आणि जमल्यास मुलांना आत नेऊन काम दाखवणारा नोंदणीकृत रिसायकलर कुणाच्या प्रत्यक्ष अनुभवाचा आहे का? जाहिरातीतला नको, अनुभवाचा हवा.

ब्रेमेनच्या मुलांना हा प्रश्नच पडत नाही. त्यांच्याकडे विद्युत उपकरणांचा विभाग ४०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असलेल्या दुकानाला २५ सेंटिमीटरपर्यंतची जुनी वस्तू फुकट परत घ्यावीच लागते, नवीन काही विकत घेतलं नाही तरी. "मग आपल्याकडे कुठल्या दुकानात टाकायचं?" असं माझ्या मुलांनी विचारलंय. दुकानात चौकशी करून प्रत्यक्ष वस्तू देऊन आलेलं कुणी असेल तर सांगा.

बॅटऱ्यांचं जास्त तातडीचं आहे. एका मुलाने दप्तरातून मोबाईल आणला, त्याचं मागचं झाकण पुरीसारखं टम्म फुगलेलं आणि कडेची फट इतकी की आतली रुपेरी पिशवी दिसत होती. तो दप्तरात पुस्तकांखाली दाबून आणला होता! आम्ही तो पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवला आणि डबा इमारतीबाहेर, सावलीत. भोसकायचं नाही, चार्जिंगला लावायचं नाही, हे वर्गात नीट समजावलं. पण तो तिथे किती दिवस ठेवणार? बॅटऱ्यांसाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत. अशी खराब लिथियम बॅटरी शाळेकडून कोण घेईल?

मुलांना वस्तू उघडायच्या आहेत, आणि उघडल्याशिवाय कळणार नाही असं माझंही मत आहे. कीबोर्ड, माउस, सेल काढलेले रिमोट देईन. डबा मॉनिटर नाही (काचेत शिसं, नळीत निर्वात पोकळी), मायक्रोवेव्ह नाही, पाऱ्यामुळे ट्यूबलाइटही नाही. तापकीर गल्लीत किंवा कुठेही दुरुस्तीचं काम करणारं कुणी शाळेत येऊन तासभर दाखवेल का? मानधन देऊ. काय मोडीत काढायचं त्याआधी काय दुरुस्त होतं हे मुलांना अशा माणसाकडूनच कळेल.

टोकियो ऑलिंपिकची गोष्ट सांगितल्यापासून एक नवी काळजी आहे. जपानने सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणं, त्यात ६२ लाखांवर मोबाईल, गोळा करून जवळपास ५ हजार पदकं घडवली. एवढ्यातून सोनं निघालं ३२ किलो. मुलांनी ऐकलं फक्त सोनं! पुस्तकात आम्लराज (सोनंही विरघळवणारं तीव्र आम्लांचं मिश्रण) आहेच, व्हिडिओही ढिगाने आहेत, आणि एकाने विचारलं की घरी करता येईल का. मी ठाम नाही म्हटलं. अशा आम्लांच्या वाफांनी काय होतं हे मुलांना पटेल असं मराठीत सांगणारे कुणी डॉक्टर किंवा रसायनशास्त्राचे प्राध्यापक इथे आहेत का?

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. कॉलवर ब्रेमेनच्या एका मुलीने विचारलं, "तुमच्या घरचा बंद टीव्ही कोण नेतं?" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "भंगारवाला!" तो वर पैसे देतो हे ऐकून ती मुलं चकित झाली. मग आमची एक विद्यार्थिनी उठली. तिच्या वडिलांचं भंगाराचं दुकान आहे. तांबं वेगळं कसं करतात, ॲल्युमिनियम हाताला कसं कळतं, सर्किट बोर्ड किलोवर पुढच्या व्यापाऱ्याला कसे जातात, सगळं तिने सांगितलं आणि बाकीच्यांनी इंग्रजी जुळवून दिलं. त्या दिवशी तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, मलासुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात पोस्टर आले. तीन-चार पोस्टरांत वायरी जाळणारा काळा राक्षस, खाली "भंगारवाल्याला देऊ नका". ती गप्प झाली. ते पोस्टर मी लावलेले नाहीत.

वायरी जाळणं आणि बोर्ड ॲसिडात टाकणं घातक आहे, ते मी शिकवणारच. पण शहराचा कचरा वेचून, निवडून कामाला लावणाऱ्यांना गुन्हेगार ठरवणारा उपक्रम मला जर्मनीला दाखवायचा नाही. भंगारवाल्याने निवडलेला माल न जाळता थेट नोंदणीकृत रिसायकलरला विकला आणि त्याला दरही बरा मिळाला, असं पुण्यात कुठे चालू आहे का? कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेबरोबर किंवा त्यांच्या संघटनेबरोबर, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीबरोबर, काम केलेलं कुणी असेल तर फार मदत होईल. त्या मुलीच्या वडिलांना वर्गात बोलवायचं आहे, ते तयार आहेत. त्यांच्यापुढे ठेवायला माझ्याकडे काहीतरी खरा पर्याय हवा.

संस्थांची नावं धाग्यातच द्या, इतर शाळांनाही उपयोग होईल. वैयक्तिक फोन नंबर मात्र व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवा. दिवाळीच्या सुट्टीआधी खोकी हलवायची आहेत आणि बॅटरीचं जमलं तर त्याच्याही आधी.