घटस्फोटाची केस: वकील कसा शोधलात, फी कशी ठरली, शेवटी किती गेले?

मोगरा२२:
मावसबहिणीसाठी विचारतेय. पुण्यात असते, मूलबाळ नाही, दोघंही कमावते, दोन वर्षं वेगळे राहतायत. नवरा सहमतीला आज हो म्हणतो, उद्या नाही. तीन वकील भेटून झाले. एक म्हणे चाळीस हजारात सगळं, दुसरे तारखेला चार हजार, तिसऱ्या मॅडमनी दीड लाख सांगितले आणि निम्मे आधी. आता ह्यात स्वस्त कोण तेच कळेना. ज्यांनी हे सगळं केलंय त्यांनी लिहा ना. वकिलांची नावं टाकू नका प्लीज, आणि "लग्न टिकवा" वाल्यांनी आल्या पावली परत जावं.

कोथरूडकर:
आमचं सहमतीने झालं, पुण्यात शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात. चाळीस हजारवाल्यांना एवढंच विचारा की त्यात काय काय येतं. आमच्या वकिलांनी अर्ज, समुपदेशकाच्या तारखा, दुसरं मोशन (म्हणजे दोघांनी कोर्टात परत एकदा हो म्हणायचं) हे सगळं एका रकमेत धरलं होतं, पण त्याआधी थांबायचा सहा महिन्यांचा कूलिंग पीरियड माफ करून घ्यायचा अर्ज वेगळा आणि त्याचे पैसे वेगळे. २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या अमरदीप सिंग निकालानंतर ही सूट मिळू शकते, कोर्टाला पटलं तर. वेगळं राहून दीड वर्ष झालंय का, पैशाचं-पोटगीचं सगळं मिटलंय का हे बघतात. तुमची बहीण दीड वर्षाच्या अटीत बसतेय म्हणून आधीच विचारून ठेवा. शिवाय टायपिंग, नोटरी, झेरॉक्स, सर्टिफाइड कॉपी हे "किरकोळ" म्हणून शेवटी येतंच.

अजून एक. दोघांचा वकील एकच होता, पैसे वाचले, पण कन्सेंट टर्म्सवर (दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींवर) सही करायच्या आधी मी दुसऱ्या एका वकिलाला अडीच हजार देऊन त्या फक्त वाचायला दिल्या. फ्लॅटमधला माझा हिस्सा मी सोडायचा आणि पुढचे हप्ते तिने भरायचे असं लिहिलेलं, मला तर बरोबरच वाटत होतं. त्याने वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, बँकेला माहितीये का हे? लोन दोघांच्या नावावर, तिचा हप्ता चुकला तर बँक तुमच्याच मागे लागणार, बँकेने थोडीच सही केलीये तुमच्या टर्म्सवर. मग आधी लोनमधून माझं नाव निघेल, त्यानंतर हक्कसोडपत्र, असा क्रम घालून घेतला. अख्ख्या केसमध्ये वसूल झालेले पैसे कुठले तर ते अडीच हजार.

कृष्णाकाठ:
माझी केस लढून झाली. आमच्याकडे फॅमिली कोर्ट नाही, सिव्हिल जज सिनियर डिव्हिजनच्या कोर्टात चालते. तारखेवर फी होती. जजसाहेब रजेवर, समोरचे वकील मुदत मागतायत, बेलीफ म्हणतो पत्ता सापडला नाही, काही होवो न होवो दर वेळी दीड हजार, कारण आमचे वकील "हजर होते". भावाने ई-कोर्ट्सचं अ‍ॅप टाकून दिलं. सीएनआर नंबर (प्रत्येक केसला कोर्टाचा एक असतो तो) टाकला की पुढची तारीख आणि आज काय झालं ते दिसतं, त्यात एका तारखेला मुदत आमच्याच बाजूने मागितल्याचं निघालं!! मला सांगितलेलं समोरच्यांनी मागितली.

वकील बदलले. जुने म्हणाले आधी बाकी भरा मग फाइल. नव्या वकिलांनी सांगितलं की फीसाठी पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय, फी राहिली असेल तर वेगळी वसूल करावी. त्यांचा एक फोन गेला आणि फाइल आली, एनओसीसकट. नव्यांशी टप्प्यांवर ठरवलं, दाखल करताना इतके, अंतरिम पोटगीच्या ऑर्डरपर्यंत इतके, उलटतपासणी, युक्तिवाद, एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. आणि हो, महाराष्ट्रात बायकांना घटस्फोट-पोटगीच्या केसला कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. कोर्ट फीच्या नावाने कुणी हजारो मागितले तर कसली फी ते विचारा.

वांद्रे_स्लो:
नवरेपण जगात आहेत म्हणून लिहितो. पहिल्या वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, इन्सेंटिव्ह दाखवू नका, पगार कमी दाखवू. तिथून उठलो. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागतं, त्यासोबत कागद लागतात, खोटं पकडलं गेलं तर कोर्टापुढे मी उभा राहणार, वकील नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली तिला अंतरिम पोटगी द्यावी लागली, वर तिच्या केसचा खर्चपण. म्हणजे दोन वकिलांची फी एकाच खिशातून!! हे आधी कुणी सांगत नाही. बजेट करताना धरा.

काळाकोट:
वकील आहे, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. तारखेवर फी म्हणजे लूट असं सरसकट म्हणू नका, सकाळपासून बोर्डावर केस पुकारायची वाट बघत थांबायचं आणि दुपारी मॅटर निघालंच नाही, तो दिवस आमचाही गेलेला असतो. काम नाही झालं तर निम्मी, असं ठरवता येतं, बरेच जण ऐकतात. पण पोटगी मिळेल त्यातले इतके टक्के द्या म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. महिन्यात घटस्फोट देतो म्हणणाऱ्याकडेही नको. आणि रात्री अकराला नवऱ्याच्या स्टेटसचे स्क्रीनशॉट पाठवणं बंद करा, एका कागदावर तारीखवार काय घडलं ते लिहून आणा, ड्राफ्टिंगचा निम्मा वेळ वाचतो.

वांद्रे_स्लो:
@काळाकोट स्क्रीनशॉटचं मान्य. पण आमचा फोन तुमचा ज्युनिअर उचलतो आणि "सर कोर्टात आहेत" म्हणतो, रविवारीसुद्धा.

बेएरिया_आई:
कॅलिफोर्नियात झालं माझं. इथे वकील तासावर, आणि तास सहा-सहा मिनिटांत कापलेला. दोन ओळींच्या ईमेललापण एक तुकडा लागतो, त्यामुळे मी प्रश्न साठवून आठवड्यातून एकच ईमेल करायचे. रिटेनर म्हणून आधी मोठी रक्कम घेतात, ती ट्रस्ट अकाउंटमध्ये असते, काम होईल तसे त्यातून काढतात आणि संपत आली की परत भरा. हजार डॉलरच्या वर खर्च जाणार असेल तर फीचा करार लेखी लागतो. मी घरी होते, कमाई त्याची, तर माझ्या वकिलांनी त्याच्याकडून माझी फी मिळावी असा अर्ज केला, कोर्ट दोघांची ऐपत बघून तसा हुकूम देऊ शकतं. देशी वकीलच हवा हा हट्ट मी सोडला, पण पुण्यातल्या फ्लॅटसाठी तिकडचा वकील वेगळा करावाच लागला.

मोगरा२२:
सगळ्यांना थँक्यू, मॅडमना टप्प्यांचं विचारते. एक शंका, फुकट सरकारी वकील मिळतो म्हणतात तो नोकरी करणाऱ्या बाईलापण मिळतो का?

काळाकोट:
मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथे अर्ज करायचा, नाहीतर १५१०० ला फोन. वकील त्यांच्या पॅनेलवरचा (यादीतला) येतो.

कृष्णाकाठ:
आमच्या शेजारच्या ताईंनी घेतला होता. मिळालेली वकील मुलगी नवीन होती, पण उलटतपासणीला नवऱ्याच्या दुकानाच्या जाहिरातीचं पोस्टरच समोर ठेवलं, तो म्हणत होता दुकान भावाचं आहे. पोटगी लागली. ताईंचे पैसे गेले ते झेरॉक्स आणि एसटीचे.