नगरपरिषदेची नवी कचरा योजना: डेपोवरचा भार खरोखर कमी होईल का?

प्रश्न (नदीकाठ)
डेपोवर जाणारा कचरा कमी करण्यासाठी आमच्या नगरपरिषदेने योजना जाहीर केली आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा नसेल तर घंटागाडी तो उचलणार नाही, आणि आमच्यासारख्या ८० घरांच्या सोसायटीने ओला कचरा आवारातच जिरवायचा आहे. अडचण अशी की, मागे आम्ही वर्षभर दोन डबे ठेवले आणि गाडीत मात्र दोन्ही एकाच ढिगात पडताना पाहिले. सभासदांना पुन्हा कोणत्या तोंडाने सांगावे?

प्रतिसाद (जुना अभियंता)
आपला राग रास्त आहे, पण योजनेची दिशा चुकीची नाही. आपल्याकडच्या शहरांत घरगुती कचऱ्याचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग ओला असतो. तो ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन तयार होतो, काळे पाणी झिरपून आसपासच्या विहिरींपर्यंत पोहोचते, आणि एरवी भंगारात सहज विकला गेला असता तो कागदही त्यात भिजून मातीमोल होतो. म्हणजे ओला कचरा वेगळा ठेवला की सुक्याची किंमतही आपोआप टिकते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना मोठे उत्पादक मानले होते; ८० घरांची सोसायटी त्या मर्यादेच्या आसपास सहज जाते. योजनेत मी सर्वांत आधी गाड्यांना स्वतंत्र कप्पे आहेत का, तेच पाहीन. ते नसतील तर बाकीचा मजकूर वाचण्यात वेळ घालवू नये.

प्रतिसाद (पेठेतली)
कप्प्यांइतकेच महत्त्व माणसांना आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातून निघालेल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या ताईला सुका माल विकून पैसे मिळतात, त्यामुळे वर्गीकरण नीट व्हावे यात तिचा स्वतःचा फायदा असतो. रोजंदारीवरच्या चालकाला तो नसतो. तुमच्या डेपोवर आज जे लोक कचरा वेचून पोट भरतात, त्यांचे योजनेत काय होणार, हे विचारा. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे सोसलेल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला या प्रश्नाची जाग आली, हेही खरे.

प्रतिसाद (दर्यावर्दी)
लहान गावाला हे झेपते का, असे वाटत असेल तर वेंगुर्ल्याकडे पाहा. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे कचऱ्याचे बारीक वर्गीकरण सुरू झाले, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत होऊ लागले, प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरले गेले आणि जुन्या डेपोच्या जागी लोक फिरायला येऊ लागले. अर्थात चिप्सच्या पाकिटांसारख्या बहुस्तरीय वेष्टनांना भंगारवाला हात लावत नाही. ती फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात, आणि त्याला पुनर्वापर म्हणणे मला पटत नाही.

नदीकाठ
सर्वांचे आभार. येत्या सभेत कप्प्यांच्या गाड्यांची लेखी हमी मागतो आणि डेपोच्या वजनकाट्यावरची दरमहाची नोंद फलकावर लावावी, असा अर्जही देतो. तोवर आवारातल्या खड्ड्यासाठी वाळका पाला जमवायला सुरुवात केली आहे.