विमानतळावरचा लांब लेओव्हर आणि सोबत लहान मूल : तुमचे अनुभव लिहा

थेट विमान मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही, आणि मग मध्येच कुठेतरी सात-आठ तास काढावे लागतात. एकट्या माणसाचं निभतं. पुस्तक, फोन, डुलकी, झालं. मूल सोबत असलं की त्याच तासांचं काय करायचं हा प्रश्न तिकीट काढतानाच डोक्यात येतो.

'तिथे प्ले एरिया आहे' एवढी माहिती विमानतळाच्या वेबसाइटवरही असते. इथे त्यापुढचं लिहा. मूल नक्की कशात रमलं, कधी झोपलं, कशावरून बिनसलं? मुलाचं वय आणि थांबा दिवसाचा की रात्रीचा, हे जरूर सांगा. दीड वर्षाच्या आणि नऊ वर्षांच्या मुलाला एक सल्ला लागू पडत नाही. मतभेद असले तरी बिनधास्त मांडा.

अडीच वर्षांची मुलगी, दोहा, सकाळ ते दुपार

दोहा म्हटलं की सगळे त्या पिवळ्या अस्वलाचं सांगतात. उर्स फिशर या शिल्पकाराचं ते सुमारे सात मीटर उंचीचं धूड, डोक्यामागे दिवा. आमच्या बाईसाहेबांनी एकदा वर पाहिलं आणि ज्या माझ्या पायांना चिकटल्या त्या सुटेचनात. फोटोबिटो राहिला बाजूला.

तिला आवडली ती ट्रेन. टर्मिनलच्या आतच, लोकांच्या डोक्यावरून धावते. तिकीट नाही, गर्दी बेताची. इकडून तिकडे, उतरायचं, परत तिकडून इकडे. दार लागताना ती प्रत्येक वेळी स्टेशनला टाटा करायची आणि स्टेशनवर कुणी नसलं तर माझ्याकडे तक्रार. टॉम ऑटरनेस यांची ब्राँझची शिल्पंही तिथे आहेत, मुलांनी अंगाखांद्यावर चढावं म्हणूनच केलेली. 'हात नको लावू' हे वाक्य आम्हाला तिथे म्हणावं लागलं नाही, हे मला फार बरं वाटलं. ऑर्चर्ड नावाची आतली बाग २०२२ मध्ये सुरू झाली. तिथे झाडांखाली ती दहा मिनिटांत झोपली. बसायला तिथे जा, पळायला दुसरीकडे.

सात वर्षांचा मुलगा, इस्तंबूल

माझं मत थोडं वेगळं आहे. वेळ असेल आणि व्हिसाचं जमत असेल तर विमानतळाच्या बाहेर पडा. तुर्की एअरलाइन्सची 'टूरइस्तंबूल' नावाची मोफत सहल असते, आंतरराष्ट्रीय ते आंतरराष्ट्रीय कनेक्शनमध्ये थांबा ६ ते २४ तासांचा असेल तर. सिंगापूरलाही साडेपाच तासांपासून २४ तासांच्या आतल्या थांब्यासाठी मोफत सहल आहे. सहल फुकट असली तरी व्हिसाचे नियम सुटत नाहीत. ते आपल्या पासपोर्टप्रमाणे आधी बघून ठेवा.

मुलाला मशिदींच्या इतिहासात काडीचा रस नव्हता. पण मोकळ्या हवेत, उन्हात चालणं झालं आणि पुढच्या विमानात बसल्या बसल्या त्याने मान टाकली. दिवसाचा उजेड मिळाला की शरीराचं घड्याळ लवकर जुळतं, हे मला तेव्हा पटलं.

नातवाला एकटीने घेऊन गेलेली आजी

वरच्या बाबांना सांगते, तुम्ही तरुण आहात, तुमचं जमतं. चार वर्षांचं पोर घेऊन इमिग्रेशनच्या रांगेत जाताना एकदा आणि परत येताना एकदा उभं राहायचं, पुन्हा सिक्युरिटी, पुन्हा बूट काढा. त्यात मध्येच 'आजी, शू'. मी आतच थांबते.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी दमवायचं, मग भरवायचं, मग निजवायचं. उतरल्या उतरल्या लाडाने कुशीत झोपवलंत तर दोन तासांनी ताजंतवानं पोर आणि पेंगुळलेली आजी अशी जोडी होते. पुढे बराच वेळ विमान नाही असं टोकाचं गेट शोधायचं. तिथे गालिचा असतो, घोषणा कमी आणि माणसं त्याहून कमी. शाल अंथरायची, बॅगेचा पट्टा आपल्या पायात अडकवायचा. फोनवर दोन गजर, एक बोर्डिंगच्या तासभर आधी. नातवाच्या दंडावर बॉलपेनने माझा फोन नंबर लिहिते, बाहीच्या आत.

आणि आजी-आजोबांनो, आईवडिलांचं संमतिपत्र जवळ ठेवा, मुलाच्या जन्मदाखल्याच्या प्रतीसकट. मला एका ठिकाणी विचारलं होतं. कागद काढून दिल्यावर विषय तिथेच संपला.

नऊ वर्षांचा मुलगा, साधासुधा विमानतळ

अस्वलं, बागा, सहली वाचून हेवा वाटला. आमच्या वाट्याला खुर्च्या, अत्तरांची दुकानं आणि एक काच आली. पण काच मोठी होती आणि समोर विमानं.

मी त्याला एकच गोष्ट दाखवली. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लाल दिवा असतो. तो लुकलुकायला लागला की समजायचं, इंजिन सुरू होणार किंवा विमान हलणार. पुढे कितीतरी वेळ पठ्ठ्याने काचेला नाक लावून पहारा दिला. 'बाबा, डावीकडचं पेटलं!' मग बेल्टवरून पोटात चढणाऱ्या बॅगा, मग टग, म्हणजे विमान ढकलणारी ठेंगणी गाडी. विमान गेटवरून मागे घेताना टग ढकलतो, हे त्याला माहीत नव्हतं. टग सुटला की खालचा माणूस बाजूला उभा राहतो आणि लाल फीत लावलेली एक पिन उंच धरून पायलटला दाखवतो. ढकलताना पुढच्या चाकाचं स्टिअरिंग विमानाच्या ताब्यात राहू नये म्हणून ती पिन लावलेली असते. 'काढली बरं का' असं सांगणं असतं ते. पायलट हात हलवतो. तो हात आपल्यासाठीच होता, असं आमच्या चिरंजीवांचं ठाम म्हणणं आहे आणि मी खोडून काढलेलं नाही.

नंतर आकडे. धावपट्टीला नाव होकायंत्रावरून मिळतं. अंश जवळच्या दहाला नेऊन शेवटचं शून्य काढायचं. पूर्वेकडे तोंड असेल तर ०९, तीच पट्टी उलट्या टोकाने २७. दोन टोकांत फरक नेहमी १८ चा. का, ते त्याला शोधायला लावलं. बोर्डिंग पासच्या मागे चित्र काढून त्याने १८० अंश शोधून काढले. विमानं शक्यतो वाऱ्याच्या समोर उडतात हे सांगितल्यावर वाऱ्याच्या मोज्याचा, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीचा, शोध सुरू झाला. तो काही दिसला नाही. जागा खिडकीशी आणि स्वच्छतागृहाजवळ अशी दोन्ही साधून धरा, एवढाच काय तो व्यवस्थापकीय सल्ला.

ऑटिझम असलेली मुलगी, सहा वर्षांची

आमच्यासाठी प्ले एरिया म्हणजे संकट. आवाज, धक्के, अनोळखी मुलं. सूर्यफुलांचं चित्र असलेली हिरवी गळपट्टी माहीत नसेल तर माहीत करून घ्या. न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी ही खूण २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली आणि आता अनेक देशांत चालते. मदत कक्षावर मागितली, प्रमाणपत्र कुणी विचारलं नाही. पुढे सिक्युरिटीत आम्हाला घाईने ढकललं गेलं नाही. बाई आधी बोलल्या, मग यंत्र दाखवलं, मग तपासलं. काही विमानतळांवर शांत खोल्याही आहेत. पिट्सबर्गला तर मुलांना सवय व्हावी म्हणून विमानाच्या केबिनची प्रतिकृती आहे.

शांत खोली नसेल तर आजींचं टोकाचं गेट. आम्ही ते 'आपलं गेट' म्हणतो. कानावर हेडफोन, हातात चित्रांची पट्टी: जेवण, फिरणं, झोप, विमान. एकेक झालं की ती चित्र उलटं करते. किती तास उरले हे तिला कळत नाही, किती चित्रं उरली ते कळतं. वेळेत बदल झाला की आधी चित्र बदलायचं, मग तिला सांगायचं.

दीड वर्षाचं बाळ, युरोप, न मागता मिळालेला लेओव्हर

थोडक्यात लिहिते, बाळ उठायच्या आत. थांबा दोन तासांचा होता, पुढचं विमान रद्द झालं आणि रात्र तिथेच. काउंटरवर फक्त खाण्याचं कूपन हातात ठेवलं. युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणारं विमान रद्द झालं, तर नियम २६१/२००४ प्रमाणे वाट पाहताना जेवण आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल ही एअरलाइनची जबाबदारी असते, हवा खराब असली तरीही. नवऱ्याने नियमाचा आकडा उच्चारला, तेव्हा हॉटेलचा विषय निघाला. पण शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांत शिरायला लागतो तो) नव्हता, म्हणजे बाहेरच्या हॉटेलात जाताच येईना. अशा वेळी ट्रान्झिटमधलंच, म्हणजे इमिग्रेशनच्या आतलंच, हॉटेल मागायचं. असेल तर मिळतं.

चेक-इन केलेल्या बॅगा परत मिळाल्या नाहीत. म्हणून डायपर, औषधं, कपड्यांचे दोन जोड हातातल्या बॅगेतच ठेवा. द्रवपदार्थांची १०० मिलीची मर्यादा बाळाच्या दुधाला सहसा लागू करत नाहीत. मात्र ट्रान्झिटमध्ये पुन्हा तपासणी असते, तेव्हा दूध वेगळं काढून दाखवावं लागतं.

मी चौदा वर्षांची

सगळे मोठेच लिहितायत! आम्हालाही लेओव्हर असतो. मला काय हवं असतं ते सांगू? प्लग पॉइंट आणि थोडं एकटीने फिरणं. बाबांनी हद्द आखून दिली, या गेटपासून त्या पुस्तकांच्या दुकानापर्यंत, अर्ध्या तासाने मेसेज, बोर्डिंग पास माझ्याकडे. काही ठिकाणी वायफायला एसएमएसचा कोड लागतो आणि रोमिंग नसेल तर तो येतच नाही. तिथे पासपोर्ट स्कॅन करून कोड देणारं मशीन असतं का ते विचारा. मी विचारलं आणि आईबाबांनाही जोडून दिलं.

चांगीवरून, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावरून, जाणाऱ्यांसाठी. तो ४० मीटरचा धबधबा 'ज्युएल' नावाच्या मॉलमध्ये आहे आणि ज्युएल इमिग्रेशनच्या बाहेर आहे. पण टर्मिनल २ आणि ३ मधली स्कायट्रेन ज्युएलमधूनच जाते, आतल्या प्रवाशांचीसुद्धा. व्हिसा नसेल तरी धबधबा दिसतो! फुलपाखरांची बाग टर्मिनल ३ मध्ये आतच आहे. भाऊ (वय ५) शर्टवर फुलपाखरू बसलं म्हणून हलायलाच तयार नव्हता.

पहिल्यांदाच जाणारी आई, मुलगा दोन वर्षांचा

सगळं वाचतेय, आजी, तुमचा क्रम लिहून घेतला. एकच शंका, स्ट्रोलर मधल्या विमानतळावर मिळतो का?

नऊ वर्षांच्या मुलाचे बाबा

ताई, स्ट्रोलरला लागणाऱ्या टॅगवर अवलंबून आहे. शेवटच्या ठिकाणाचा टॅग लावला तर तो थेट तिकडेच जातो. चेक-इनलाच स्पष्ट सांगा, मधल्या विमानतळावर विमानाच्या दाराशी हवाय, आणि टॅगवर तिथल्या विमानतळाच्या कोडची तीन अक्षरं आहेत का ते वाचून घ्या. तरी काही ठिकाणी तो दाराशी न येता सामानाच्या पट्ट्यावर येतो, तेव्हा उतरण्यापूर्वी केबिन क्रूला विचारा. दोहा, दुबई, चांगी इथे विमानतळाचे स्ट्रोलर मोफत मिळतात. बाळाला बांधून घ्यायची झोळी मात्र जवळ असू द्या, विमानातून उतरून स्ट्रोलर हाती येईपर्यंतचं चालणं बरंच असतं.