सर्व्हरच्या प्रोसेसचा मेमरी डम्प काढताना काटा बंद पडते का?

वणीकडचा_काटेवाला:
भाऊ लोक, जिनिंगमधी काट्याचं सॉफ्टवेअर आहे, ब्राउझरवर चालते, सर्व्हर विंडोज, आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर), ८ जीबी रॅम. सकाळी मस्त चालते पण दुपारी कापसाच्या गाड्यांची लाईन लागली की ते डब्ल्यू३डब्ल्यूपी (आयआयएसची प्रोसेस, तिच्यातच सॉफ्टवेअर चालते) रॅम खातच जाते अन् मंग काटापट्टीच निघत नाही, लोकं बोंबलून राहिले. रिस्टार्ट मारला की चालू. सॉफ्टवेअरवाले म्हणतात मेमरी डम्प (प्रोसेसच्या मेमरीत त्या घडीले जे आहे त्याची फाइल) पाठवा. तो काढाचा कसा?

रिकामा_रॅम:
सोपं आहे बे, टास्क मॅनेजर, डिटेल्स, प्रोसेसवर राइट क्लिक, क्रिएट डम्प फाइल. टेम्प फोल्डरमधी पडते.

अकोल्याचा_अ‍ॅडमिन:
वरचं बरोबर आहे पण थांबा. ॲप पूल (आयआयएसमधी ज्या गटात सॉफ्टवेअर चालते तो) ३२ बिटचा असंन तं साधा टास्क मॅनेजर ६४ बिटचा डम्प काढते, तो वाचाले डोकेदुखी. त्याच्यापेक्षा सिसइंटर्नल्सचं प्रोकडम्प घ्या, फुकट आहे, मायक्रोसॉफ्टचंच. डब्ल्यू३डब्ल्यूपी दोन-तीन दिसत असतीन तं डिटेल्समधी कमांड लाइनचा कॉलम चालू करा, तिथं ॲप पूलचं नाव दिसते, त्याचाच पीआयडी (प्रोसेसचा नंबर) घ्या. मंग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून:
प्रोकडम्प -एमए पीआयडी
एमए म्हणजे पूर्ण मेमरी. छोटा मिनी डम्प पाठवला तं लीकसाठी (घेतलेली मेमरी सुटतच नाही तो बिघाड) काही कामाचा नाही.
एक डम्प सकाळी रॅम कमी असताना अन् एक दुपारी फुगल्यावर, पण रिस्टार्टच्या आधी. काय वाढून राहिलं ते दोन्ही समोरासमोर ठेवल्यावरच कळते. दुपारी लक्ष ठेवाले टाइम नसंन तं आधीच प्रोकडम्प -एमए -एम ५००० पीआयडी लावून ठेवा, ५००० एमबीच्या वर गेलं की आपोआप काढते.
अन् हो, फाइल लिहून होईपर्यंत प्रोसेस थांबते. जुन्या हार्ड डिस्कवर मिनिटं लागू शकतात, गाडी काट्यावर उभी असताना करू नका.

वणीकडचा_काटेवाला:
मिनिटं?? अन् फाइल केवढी होते, इथं नेटची बोंब आहे

अकोल्याचा_अ‍ॅडमिन:
प्रोसेसनं जेवढी मेमरी घेतली जवळपास तेवढी, ५ जीबी तं ५ जीबी. सी ड्राइव्हवर जागा पाहा, नाही तं कमांडच्या शेवटी डी ड्राइव्हचा पाथ द्या. सेव्हन-झिपनं बरीच लहान होते, पासवर्ड लावूनच झिप करा, कारण डम्पमधी शेतकऱ्यांचे खाते नंबर अन् डेटाबेसचा पासवर्डही उघडा असू शकते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका राजेहो!

आयआयएस_पीडित:
एक राहिलं. आयआयएस प्रोसेसले पिंग करते (जिवंत आहे का ते विचारते), ९० सेकंदात उत्तर नाही आलं तं मारून टाकते, मंग डम्प अर्धाच. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमधी पिंग एनेबल्ड फॉल्स करा, पण हे आदल्या रात्रीच, कारण सेटिंग बदलली की पूल रिसायकल होऊ शकते, म्हणजे प्रोसेस नव्यानं सुरू होते.

वणीकडचा_काटेवाला:
बरं झालं सांगतलं. रात्री पिंग बंद करतो, सकाळचा डम्प काटा सुरू व्हायच्या आधीच काढतो. झिप पेन ड्राइव्हवर घेऊन वणीच्या कॅफेतून पाठवतो, इथून तं जन्मात जाणार नाही.