आतड्यातील गाठ बुरशीची असू शकते का?

प्रश्न : माझ्या भावाच्या मोठ्या आतड्यात गाठ आढळली असून प्रथम कर्करोगाचा आणि नंतर क्रोहन विकाराचा (आतड्याला दीर्घकाळ सूज येण्याचा आजार) संशय व्यक्त झाला, आता डॉक्टर बॅसिडिओबोलस या बुरशीचा उल्लेख करतात. त्याची प्रतिकारशक्ती उत्तम आहे, मग हे कसे शक्य आहे?

उत्तर १ : शक्य आहे. म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) हा बुरशीचा आजार बहुधा अनियंत्रित मधुमेह किंवा दुबळी प्रतिकारशक्ती असलेल्यांना गाठतो. बॅसिडिओबोलस रानारमचा संसर्ग मात्र धडधाकट माणसांना, अगदी मुलांनाही, होतो. ही बुरशी माती, कुजलेला पालापाचोळा आणि बेडूक-सरड्यांच्या आतड्यांत आढळते. बेडकांवरून तिचे वर्णन १८८६ मध्येच झाले होते. रक्तातील इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशी वाढल्या आहेत का, हे आवर्जून विचारा. तो धागा फार मोलाचा असतो आणि दुर्दैवाने अनेकदा सुटतो.

उत्तर २ : ऊतीचा तुकडा तपासताना बुरशीच्या तंतूंभोवती गडद गुलाबी आवरण दिसते. मात्र तुकड्याचा काही भाग फॉर्मालिनमध्ये (ऊती टिकवण्याचे रसायन) न घालता संवर्धनासाठी, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहण्यासाठी, पाठवावा लागतो, हे आधीच सांगून ठेवा.

प्रश्नकर्ता : इओसिनोफिल खरोखरच वाढलेले आहेत. उपचार काय असतात?

उत्तर १ : बाधित भाग काढण्याची शस्त्रक्रिया अनेकदा करावी लागते आणि इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध कित्येक महिने चालते. बरे वाटले म्हणून औषध स्वतःहून थांबवू नका.