दोन पीसींमधी कॉपी ११ एमबीच्या वर जातच नाही, प्लॅन वाढवून पण तेच

कृष्णाकाठ_शूटिंग:
नमस्कार मंडळी. सांगलीत घरातच माझं लग्नाच्या शूटिंगचं काम चालतं. २०१९ च्या महापुरात खाली पाणी आलं तेव्हापासून एडिटिंगचा पीसी माडीवर नेलाय, पण गिऱ्हाईक खालीच येतं म्हणून एक पीसी खाली ठेवलाय, त्यात मेमरी कार्डं उतरवून घेतो आणि रात्री सगळा डेटा केबलनं वर ओढतो. एका लग्नाचा हळदीपासून वरातीपर्यंत १८० जीबी होतो आणि कॉपीचा स्पीड सेकंदाला ११.३ एमबीवर जो चिकटतो तो हलतच नाही, साडेचार तास जातात. नेटवाल्याला फोन केला तर तो म्हणाला प्लॅन वाढवा, १०० एमबीपीएसचा ३०० केला, पैसे गेले आणि स्पीड आहे तिथंच. दोन्ही पीसीत एसएसडी म्हणजे फास्ट डिस्क आहे. काय चुकतंय?

मिरज_वायरिंग:
प्लॅनचा इथं काडीचाही संबंध नाही दादा. तुमची फाईल खालच्या पीसीतनं राऊटरला आणि राऊटरमधनं वर जाते, ती घराच्या बाहेर पडतच नाही, नेट बंद ठेवलं तरी कॉपी होईल.

आता तो ११ चा आकडा बघा, त्यातच उत्तर आहे. नेटवर्कचा स्पीड बिटमधे सांगतात आणि विंडोज कॉपी दाखवतं बाईटमधे, आणि आठ बिटचा एक बाईट. १०० एमबीपीएस भागिले ८ म्हणजे साडेबारा, त्यातनं थोडं वरखर्चाला जातं, हातात येतात ११-साडेअकरा. म्हणजे कुठंतरी लिंक, म्हणजे पीसी आणि राऊटरमधली जोडणी, १००० ऐवजी १०० वर जुळलीय. दोन्ही पीसीवर सेटिंग्जमधे नेटवर्क, त्यात इथरनेट, तिथं लिंक स्पीड लिहिलेला असतो तो सांगा.

गप्प_बसा:
अँटीव्हायरस बंद करून बघ की. माझं त्यानंच स्लो होत होतं.

मिरज_वायरिंग:
अँटीव्हायरस असता तर आलेख वरखाली नाचला असता, कधी ६० कधी १५. ह्यांचा सरळ रेघ मारल्यासारखा ११.३ वर आहे. अशी रेघ दिसली की आधी वायर नाहीतर पोर्ट (केबल खोचायचं भोक) बघायचा. काही राऊटरना पोर्टच १०० चे असतात, तसं असलं तर केबल सोन्याची टाकून पण उपयोग नाही.

कृष्णाकाठ_शूटिंग:
बघितलं. खालच्याला १०००/१००० आणि वरच्याला १००/१००. मग वरचा पीसी उचलून खाली आणला (कंबर गेली), राऊटरच्या त्याच पोर्टला वीतभर केबलनं जोडला तर १००० आलं!

मिरज_वायरिंग:
मग पीसी पण चांगला, पोर्ट पण चांगला. माडीवर गेलेली केबल आणि तिची दोन टोकं एवढंच उरलं. टोकं कुणी मारली?

कृष्णाकाठ_शूटिंग:
मेव्हण्यानं 😐 पुरानंतर घाईत. पण नेट तर व्यवस्थित चालतंय हो, वायर तुटली असती तर बंद नसतं पडलं?

मिरज_वायरिंग:
नाही ना, तिथंच सगळे फसतात. केबलमधे आठ तारा म्हणजे चार जोड्या. १०० ला दोनच जोड्या लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिना. गिगाबिटला, म्हणजे १००० ला, चारी जोड्या लागतात. ४, ५, ७, ८ मधली एक जरी तार नीट बसली नसली तरी गिगाबिट जुळत नाही, बहुतेक वेळा लिंक गुपचूप १०० वर येते, ना एरर ना काही. लाईटवाल्या टेस्टरनं बघा.

आणि नवीन टोक मारताना दोन्हीकडं एकच क्रम ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारा कापून एका रेषेत आणा, शेवटपर्यंत ढकला, कनेक्टरच्या नाकातनं आठी तांब्याचे ठिपके दिसले पाहिजेत, मगच दाबा.

कृष्णाकाठ_शूटिंग:
सापडलं!! टेस्टरवर ८ नंबरचा दिवा लागतच नव्हता. माडीवरचं टोक उजेडात धरलं तर तपकिरी तार निम्म्यातच थांबलेली, पिनेला शिवलेलीच नाही. टोक तोडून परत मारलं, पहिला कनेक्टर माझ्याच हातनं वाया गेला ते सोडा. आता व्हिडिओ ११० नं चाललाय, १८० जीबी अर्ध्या तासाच्या आत. फक्त फोटोंच्या फोल्डरला ३०-४० वर येतो, अजून कुठं गडबड आहे का?

मिरज_वायरिंग:
ते नॉर्मल आहे. हजारो बारक्या फाईली असल्या की प्रत्येक फाईल उघडा, लिहा, बंद करा ह्यातच वेळ जातो. पोतं एकदम उचलणं आणि त्यातली हळकुंडं एकेक करून नेणं, तसलं.

गप्प_बसा:
मेव्हण्याला सांगितलं का? 😂

कृष्णाकाठ_शूटिंग:
नाही. रविवारी जेवायला येतोय, वायर ताटाशेजारी ठेवणाराय. आणि ३०० चा प्लॅन उद्याच परत १०० करतो.